रुद्रम्माकाकींची अग्घवणी

दारावर थाप पडली तेव्हा रुद्रम्माकाकींच्या तव्यावर तिसरी भाकरी होती आणि सुजलेला डावा पाय पाटावर पसरलेला होता. आदल्या संध्याकाळीच त्या भूमहून लेकीचं बाळंतपण उरकून परतल्या होत्या. दोन दिवस बैलगाडीत पाय दुमडून बसल्यानं घोटा टरारून आला होता. म्हणून तर आज एक दिवस त्यांनी मठाच्या पाण्याला सुट्टी दिली होती. उद्यापासून आपलं आपण, असं मनाशी म्हणत त्या भाकरी थापत होत्या.

"कोण हाय?"

"म्या गोरोबा. दार उघडा काकी, कोपरानं वाजवतोय. हात मोकळं न्हाईत."

काकींचे यजमान सिद्रामप्पा नुकतेच लिंगपूजेवरून उठले होते. त्यांनी कडी काढली. गोरोबा कुंभार दोन्ही हातांत एक नवी घागर धरून उभा होता, बारशाचं बाळ धरावं तशी. खाली ओलं फडकं होतं.

"कुठं ठेवू? भुईला टेकवायची न्हाय म्हणालेत."

"कसली घागर रं?" काकींनी विचारलं.

"कसली म्हंजे? मठाच्या पाण्याची. सोमवारी लागतीय. आक्खी भट्टी हिच्यापायी लावली बघा, तोंड बारीक, गळा जाड, पाणी हिंदकळायचं न्हाय."

काकी पाय विसरून उठल्या. वडदरी गावात मठाच्या पाण्याला रोज तांब्याची घागर. मातीची कोरी घागर लागे ती एकाच दिवशी, त्या पाण्यासाठी नवं माणूस नेमायचं असलं की. त्यांनी घागरीवर टिचकी मारली. खणखणीत वाजली. एकोणीस वर्षांनी का होईना, गावाला आठवण झाली, असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले. विभूतीचं बोट घेऊन त्या घागरीच्या गळ्याला लावणार, तेवढ्यात सहज विचारलं, "सांगावा कुणी दिला तुला? स्वामींनी?"

"शेट्यांच्या मल्लिनाथनं. म्हणाला, मठाच्या पाण्याची घागर कर. मला काय, मठाचं पाणी म्हंजे काकी. थेट हिकडंच आलो."

मल्लिनाथ शेट्याला काय पडलं होतं? काकींनी नवऱ्याकडं बघितलं. सिद्रामप्पा विभूतीच्या वाटीत बोट घालून उगाच ढवळत बसले होते.

"तुमाला ठाव व्हतं," काकी म्हणाल्या.

"सांगणारच व्हतो. पाय सुजलेला बघितला, म्हटलं उद्या सांगू."

"पायाला काय कान असतेत?"

गोरोबाला उशिरा का होईना उमजलं. तो घागर घेऊन उलट पावली शेट्यांच्या वाड्याकडं निघाला. काकी त्याच्या पाठीकडं बघत राहिल्या. विभूतीचं बोट तसंच राहिलं आणि तव्यावरची भाकरी करपली.

ही गोष्ट फसली तेराशे चौपन्नची, म्हणजे इंग्रजी चव्वेचाळीसच्या हिवाळ्यातली. राज्य निजामाचं. वडदरी हे येडशीपासून दीड कोसावरचं, रामलिंगाच्या डोंगरालगतचं लिंगायतांचं लहानसं गाव. गावाचा मठ जुना. मठात गुरूच्या पूजेला जे पाणी लागे त्याला अग्घवणी म्हणत. ते बारवेतून बाईमाणसानंच आणायचं. येडशीला पहिल्या गाडीची शिटी व्हायच्या आत, बारवेत दुसऱ्या कुणाची कळशी बुडायच्या आत काढायचं. घागरीच्या तोंडावर ओलं फडकं. आणि बारवेपासून मठापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की ते पाणी पूजेला चालायचं नाही. जवळच्या झाडाच्या मुळाशी ओतायचं आणि परत फिरायचं.

एकोणीस वर्षांत काकींनी दोनदा पाणी ओतलं होतं. एकदा पायाला विंचू डसला आणि "अव्वा" म्हणून गेल्या तेव्हा. दुसऱ्यांदा सिद्रामप्पांनी ओट्यावरून "दुकानाची किल्ली कुठं ठिवलीस" म्हणून विचारलं आणि काकी "गप बसा" म्हणाल्या तेव्हा. सिद्रामप्पा म्हणत, विंचवाचं हिला लागलं नसंल तेवढं त्या दिवशी मला लागलं.

ही सेवा मुळात काकींच्या सासूची, मल्लम्मांची. जुन्या स्वामींनी भर सभेत मल्लम्मांच्या डोक्यावर कोरी घागर ठेवून तीनदा शब्द दिला होता, आणि पंचांनी तीनदा "व्हय" म्हटलं होतं. सरकारदरबारी याला मुकर्रर करणं म्हणत, मठात नेमणं म्हणत, आणि गावातल्या बायका नुसतं "घागर दिली" म्हणत. ज्यांना असं नेमलेलं असे, त्यांची नावं जत्रेच्या दिवशी पुकारून त्यांना पहिली विभूती मिळे. मल्लम्मा एका रात्रीतून गेल्या. त्याच आठवड्यात जुने स्वामीही अंथरुणाला खिळलेले. दुसऱ्या दिवशी पूजेला पाणी कोण आणणार? रुद्रम्मा तेव्हा तेविशीतल्या. त्यांनी सासूची घागर उचलली आणि चालू लागल्या. कुणी आण म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही.

पुढं नवे स्वामी आले. त्यांना वाटलं, या बाई नेमलेल्याच असणार. काकींनी कधी खुलासा केला नाही. दर जत्रेला नावं पुकारली जात, शंखवाल्याचं, झाडणारीचं, दिवटीवाल्याचं. काकी गर्दीत उभ्या राहून दुसऱ्या बायकांच्या बरोबरीनं विभूती घेत आणि घरी येत.

"मग मागायचं की हो काकी," असं मी त्यांना एकदा म्हटलं होतं. त्या तेव्हा सत्तरीला टेकलेल्या. पुढ्यात शेंगांचं सूप होतं.

"मागून घेतलेली घागर ती काय घागर?" त्या म्हणाल्या.

झालं होतं असं. भूमला जाताना सव्वा महिन्यासाठी आपलं काम कुणाला सोपवावं, हे काकींनीच ठरवलं होतं. शेट्यांच्या घरची धाकटी सून, मल्लिनाथची बायको शांताक्का. चोवीस वर्षांची, कमी बोलणारी. चुंबळ कशी घट्ट वळायची, बारवेची तिसरी पायरी निसरडी आहे, कडुलिंबापाशी कुत्रं अंगावर येतं पण भुंकू द्यायचं, हे सगळं काकींनी तिला चार दिवस बरोबर नेऊन शिकवलं होतं. शांताक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यामुळं या गोष्टीच्या दोन्ही बाजू मी ऐकलेल्या आहेत, आणि त्या दोघींच्या सांगण्यात कुठंही फरक नव्हता.

काकी भूमला असताना तहसिलीतून मुन्शी आला. मठाला जमीन होती, तेव्हा मठात सेवेला कोण कोण, कुणी मुकर्रर केलं, याची यादी सरकारात हवी होती. रात्री मठातच मुक्काम करून मुन्शी पहाटेच ओट्यावर बसला आणि एकेक नाव लिहू लागला. "पानी कौन लाता?" त्यानं विचारलं, आणि नेमकी त्याच वेळी शांताक्का घागर घेऊन दारातून आत आली. पूजेचं पाणी डोक्यावर, बोलायची सोय नाही. मुन्शीनं नाव विचारलं, तिनं मान हलवली. शेजारच्या कुणीतरी नाव सांगितलं. शांताबाई कोम, म्हणजे बायको, मल्लिनाथ शेटे, असं यादीत चढलं. घागर आत ठेवून ती बाहेर येऊन म्हणाली, ही सेवा रुद्रम्माकाकींची. मुन्शी म्हणाला, त्यांना कुणी मुकर्रर केलं? पंच एकमेकांकडं बघू लागले. तेव्हा कुठं वडदरी गावाच्या ध्यानात आलं, की रुद्रम्माला कुणीच नेमलेलं नाही.

कागद तर गेला. आता कागदासारखा शब्द स्वामींनी द्यायला हवा, नाहीतर यादी खोटी पडायची. सोमवार ठरला.

गोरोबा घागर घेऊन आला त्याच दिवशी दुपारी शांताक्का काकींकडं आली. पदराखाली चुंबळ होती, काकींच्या जुन्या लुगड्याची.

"ही तुमची चुंबळ, काकी."

"राहू दे की. आता तुझीच ती."

शांताक्का उभीच राहिली. "काकी, म्या न्हाय म्हणाले व्हते. मामंजी म्हणाले, कागद गेलाय. तुमी सांगा, म्या सोमवारी जात न्हाय. आजारी पडते."

"न्हाय गं बाई!" काकी हसल्या. "म्या कशाला नको म्हणू? माझा पाय हा असा. बरंच झालं की. तरणी हाईस, पाणी सांडायचं न्हाय."

शांताक्का गेली. काकी दारात बसून राहिल्या. तिनं आणखी एकदा म्हणावं असं त्यांना फार वाटत होतं. आणखी एकदा म्हणाली असती तर त्या हो म्हणणार होत्या. शांताक्कानं आणखी एकदा म्हटलं नाही.

नंतरचे चार दिवस काकी भाकरी करत होत्या, दळत होत्या, नवऱ्याला वाढत होत्या, पण कान गल्लीत होते. बारवेचा रस्ता त्यांच्या दारावरून जाई. पहाटे शांताक्काच्या तोरड्या वाजत येत आणि काकी कांबळ्याच्या आत पडून पावलं मोजत. आपल्याला दारापासून वळणापर्यंत बेचाळीस लागत. हिला पस्तीस. लांब टांगा टाकते, शेट्यांची सून, लाज न्हाय. दुसऱ्या दिवशी चौतीस भरली. हळू चालली तर म्हणायचं मिरवते, भरभर चालली तर म्हणायचं पाणी हिंदकळवते. एका पहाटे काकी उठून फटीला डोळा लावून उभ्या राहिल्या. मान ताठ, एक हात घागरीला, एक हात मोकळा. हात मोकळा सोडायचा, हे आपणच शिकवलं. ती ते दुसऱ्या कुणाकडून शिकली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"काय बघतीस?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"मांजर."

"मांजराच्या पायात तोरड्या कधीपासनं आल्या?"

काकी चुलीकडं वळल्या.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते कल्याणप्पांचं बोलणं. कल्याणप्पा हे मठात शंख वाजवणारे, गल्लीतलेच. वय झालेलं, पुढचे दात गेलेले, शंखातून आता सूर कमी आणि वारा जास्त निघे. ओट्यावर टेकून ते सहज म्हणाले, "स्वामी काल म्हणत व्हते, हल्ली अग्घवणी लई गोड लागतीया."

"बारव तीच हाय न्हवं?" काकी म्हणाल्या.

"तीच."

"पाणी तेच?"

"तेच की."

"मग माझ्या एकोणीस वर्षांत काय त्यात मीठ पडत व्हतं?"

कल्याणप्पा चपापले आणि उठून गेले. काकींनी त्या रागात घरातली सगळी भांडी राखेनं घासून काढली, जी आधीच घासलेली होती.

सोमवार उजाडला. रीत अशी, की ज्या बाईला नेमायचं तिनं कोऱ्या घागरीत पाणी भरून एकटीनं यायचं. सगळं गाव मठात वाट बघत बसायचं. वाटेत कुणी थांबायचं नाही. काकी अंधारातच काठी टेकत निघाल्या आणि कडुलिंबाच्या आड जाऊन उभ्या राहिल्या.

"ठरवून गेले नव्हते गं," त्या मला सांगत होत्या. शेंग फोडता फोडता त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "खोटं. ठरवूनच गेले व्हते."

शांताक्का आली. नवं हिरवं लुगडं, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, डोक्यावर गोरोबाची घागर. काकी झाडाआडून पुढं आल्या.

"शांताक्का, घरी पळ! जगदेवी उंबऱ्यावरनं पडली. कपाळ फुटलंय."

जगदेवी म्हणजे शांताक्काची दोन वर्षांची लेक, माझी थोरली नणंद.

"अव्वा!" शांताक्काच्या तोंडून निघालं. तिनं क्षणाचाही विचार केला नाही. घागर उतरवली, सगळं पाणी कडुलिंबाच्या मुळाशी ओतलं. घागर भुईला टेकवायची नाही. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि ती काकींच्या हातात दिली.

"काकी, धरा." आणि पळाली.

काकी एकट्या उभ्या राहिल्या. हातात तीच घागर होती, गळ्याला विभूती लावायची राहून गेली होती ती. ओली, जड, गार. एकोणीस वर्षं तांब्याची घागर वाहिली, पण ही पहिल्यांदा हातात आली. बारव पन्नास पावलांवर होती. भरून घेतली असती, पाय ओढत का होईना मठात गेल्या असत्या, आणि शांताक्का घरी गेली म्हणून सांगितलं असतं, तर त्या दिवशी त्यांना कुणी परत पाठवलं नसतं. त्यांनी दोन पावलं टाकलीसुद्धा. मग त्यांना त्या पोरीचा चेहरा आठवला. लेक पडली म्हणून ऐकल्यावरही तिनं घागर भुईला टेकू दिली नव्हती. आणि ठेवायला दिली ती आपल्याच हातात.

काकी थांबल्या. घागर कडेवर घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

शांताक्का परत आली ती धापा टाकत, पदर खांद्यावरून घसरलेला.

"निजलीय," ती म्हणाली. "जगदेवी निजलीय, काकी. तुमाला कुणी सांगितलं?"

काकींनी नजर खाली घातली. शांताक्का त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिचा चेहरा कसा झाला, ते काकींनी मला सांगितलं नाही. सासूबाईंनीही नाही. तिनं हात पुढं केले एवढंच.

"द्या."

काकींनी घागर दिली. ती बारवेकडं वळली.

काकी मठात पोचल्या तेव्हा लोक कुजबुजत होते. पूजेची वेळ टळत होती. स्वामींनी तोवर दुसरं काम उरकायला घेतलं. कल्याणप्पांना पुढं बोलावलं. त्यांच्या हातातला शंख घेतला, कपाळाला विभूती लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कल्याणप्पा, एवढी वर्षं तुम्ही शंख वाजवलात. सेवा पावली. आजपासून तुम्हाला मोकळं केलं."

"व्हय, मोकळं केलं," पंच म्हणाले.

तीनदा शब्द झाला. कल्याणप्पांच्या बोळक्या तोंडावर हसू होतं आणि डोळे वाहत होते. काकी खांबाला टेकून ते बघत होत्या. त्या मला म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याचाबी मला हेवा वाटला. शंख गेला त्याचा, पर नाव घेऊन गेला."

मग शांताक्का आली. लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला. स्वामींनी विचारलं, "उशीर का झाला?"

"बोलले, महाराज. पाणी ओतावं लागलं."

"आजच्या दिवशी? कुणाशी बोललीस?"

शांताक्का खाली बघत राहिली. मल्लिनाथची मान खाली गेली. बायकांत कुजबुज वाढली. काकींच्या पाठीमागं कुणीतरी म्हणालं, "पहिल्याच दिवशी पाणी ओतलं बाई." दुसरी म्हणाली, "आपली काकीच बरी व्हती. एवढ्या वर्षांत कधी उशीर न्हाय."

चार दिवस काकींना हेच ऐकायचं होतं. आता कानावर आलं आणि अंगावर कढत पाणी पडल्यासारखं झालं.

पंचांतले एक म्हणाले, "महाराज, आजचा दिवस राहू द्यावा का? पुढच्या सोमवारी बघू." स्वामींनी सभेवरून नजर फिरवली. "कुणाचं काही म्हणणं असेल तर आत्ता सांगा."

काकी काठी टेकत उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता ही घागर मागणार. मागितली असती तर त्या घडीला मिळाली असती, असं माझ्या सासूबाईही म्हणत.

"महाराज, तिचा दोष न्हाय," काकी म्हणाल्या. "तिची लेक पडली म्हणून म्या लबाड सांगितलं. तिनं बोलावं म्हणूनच सांगितलं. पाणी माझ्यापायी ओतलं."

 सिद्रामप्पांनी डोळे मिटले. शांताक्कानं पहिल्यांदा मान वर केली, घागर अजून तिच्या डोक्यावरच होती.

"का?" स्वामींनी विचारलं.

"पोटात दुखलं, महाराज. दुसरं काय."

 स्वामींनी शांताक्काला जवळ बोलावलं, घागरीला हात लावला आणि शब्द दिला. वडदरीच्या मठाची अग्घवणी आजपासून शांताक्काकडं नेमली. पंच "व्हय" म्हणाले. तीनदा. तिसऱ्यांदा बायकांच्या बाजूनंही एक "व्हय" आला, तो काकींचा होता.

घागर आत गेली. लोक उठू लागले. काकी मघापासून बसल्याच नव्हत्या. तशाच उभ्या राहिल्या, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"आणखी काही म्हणायचं आहे, रुद्रम्मा?" स्वामींनी विचारलं.

"एकच. मला कुणी नेमलं नव्हतं, ठाव हाय. पर एकोणीस वर्षं पाणी आणलं. कल्याणप्पांना केलं तसं, माझं नाव घेऊन मलाबी मोकळं करा."